विषाची चौकशी आणि अन्नाचा विसर

एखाद्या पदार्थात विष आहे काय, असा प्रश्न निघाला म्हणजे आपला सुशिक्षित समाज खडबडून जागा होतो. परंतु त्याच पदार्थात अन्न आहे काय, असे कोणी विचारू लागला तर त्यास कंटाळवाणा मनुष्य समजून आपण पाठ फिरवितो. झटपट शिजणाऱ्या, आणि त्यांतही अतितिखट, नूडल्सविषयी गेल्या दहा-बारा वर्षांत जो गदारोळ झाला, त्याचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावतो. चौकशी झाली, खटले झाले, निकाल लागले. आणि विष सिद्ध होत नाही असे कळताच, जणू पौष्टिकतेचा दाखलाच हाती पडला, अशा समाधानाने आपण पुन्हा पातेले चुलीवर चढविले. हे समाधान निराधार आहे, एवढेच या लेखात दाखवावयाचे आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आमच्या लहान गावांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने एकवार रोह्यास यावे. कुंडलिकेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. कोकण रेल्वेचा आरंभ येथूनच होतो, आणि शेजारी धाटावास रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. गावाबाहेर पडले की भातखाचरे लागतात. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरावा, थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावावी, असा हा मुलूख. उत्तरेस पेण, तेथील पोहे, पापड आणि मिरगुंडे यांची ख्याती रायगड जिल्ह्याबाहेर पसरून कित्येक पिढ्या लोटल्या. अशा या मुलखात वाण्याच्या दुकानी आज दर्शनी भागी तोरणासारखे काय लोंबते? नूडल्सच्या पुड्या! पोह्यांचे पोते मागे, नाचणी त्याहून मागे, आणि वाल मागितला तरच दिसावयाचा. अलीकडे या तोरणात काळ्या-तांबड्या वेष्टनांच्या 'कोरियन' तिखट पुड्यांची भर पडली आहे. शाळा सुटल्यावर मुले त्या पुड्या पैजेने खातात, डोळ्यांतून पाणी काढतात, आणि त्याची चित्रफीत भ्रमणध्वनीवर मित्रांस धाडतात. तो दिवसाचा पराक्रम. रात्री जेवावयास बसले की पोट भरलेले असते.

प्रथम विषाच्या चौकशीची हकीकत पाहू. भारतात या पदार्थाचा प्रसार १९८३ च्या सुमारास 'मॅगी'ने केला, आणि तेव्हापासून एका कंपनीचे नाव हेच पदार्थाचे नाव होऊन बसले. २०१४ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे त्या मालाचा नमुना घेण्यात आला. तपासणीत शिसे दर दहा लक्ष भागांत १७.२ भाग निघाले असे सांगण्यात आले. मर्यादा होती २.५ भागांची. शिवाय वेष्टनावर मोनोसोडियम ग्लुटामेट घातले नसल्याचा दावा असता ते आत आढळले, असाही आक्षेप आला. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने विक्री थांबविली, आणि हजारो टन माल जाळून नष्ट करण्यात आला. पुढे १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली: कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते, आणि ज्या प्रयोगशाळांवर भिस्त ठेवली त्यांना रीतसर मान्यता नव्हती. न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, शिसे मर्यादेच्या आत निघाले, आणि नोव्हेंबरात माल दुकानी परत आला.

न्यायालयाच्या निकालाविषयी आमची तक्रार नाही. जो आरोप शास्त्रीय रीतीने सिद्ध होत नाही तो टिकू नये, हेच योग्य. तक्रार आहे ती आपल्या निष्कर्षाविषयी. न्यायालयापुढे प्रश्न होता तो बंदी रीतीस धरून होती काय, आणि शिसे मर्यादेत आहे काय, एवढाच. पुडीतील मीठ मुलाच्या प्रकृतीस मानवेल काय, तिने संध्याकाळच्या जेवणाची जागा घ्यावी काय, हे प्रश्न कोणी न्यायालयापुढे नेलेच नव्हते. आणि जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे अनुकूल उत्तर मिळाले, असे समजून घरोघर माल पुन्हा भरला गेला.

ही भूल एकट्या आपल्याच देशाची आहे असेही नाही. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारने 'सामयांग' या कोरियन कंपनीच्या तीन अतितिखट नूडल्स बाजारातून काढून घेण्यास लावल्या. कारण असे की, मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य त्यांत एवढे होते की मुलांस विषबाधेसारखी पीडा होण्याचा संभव होता. पुढल्याच महिन्यात तिहींपैकी दोहोंवरील निर्बंध उठला. या वार्तेचा परिणाम काय झाला? ज्या पदार्थास एका सरकारने भिऊन हाकलले, तो चाखून पाहण्याची उत्सुकता जगभरच्या पोरांत वाढली. येथेही चर्चा झाली ती विषाचीच. कॅप्सेसिन किती, हे सर्वांनी विचारले. मीठ किती, हे विचारावयास कोणी थांबले नाही.

तेव्हा आता ती पुडीच उघडून पाहू. या पदार्थाची कृती जपानात मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी १९५८ साली सिद्ध केली. युद्धानंतरचा तो टंचाईचा काळ, आणि भुकेल्या माणसास स्वस्तात, चटकन, गरम असे काही मिळावे हा त्यांचा हेतू. त्यास कोणी नावे ठेवू नयेत. कृती अशी की, मैद्याच्या शेवया वाफवून घ्यावयाच्या आणि मग कढत तेलात तळून त्यांतील पाणी उडवून लावावयाचे. पाणी गेले की तेथे बारीक छिद्रे राहतात. उकळते पाणी पडताच ती ते शोषून घेतात, आणि शेवया दोन-चार मिनिटांत मऊ होतात. 'दोन मिनिटां'चे सारे रहस्य हे एवढेच: पदार्थ तुमच्या घरी येण्यापूर्वीच एकदा वाफवून तळलेला असतो. आपल्याकडे हे तळण बहुधा पामतेलात होते, आणि पामतेलातील निम्म्याच्या आसपास मेद संपृक्त, म्हणजे हृदयविकाराच्या दृष्टीने ज्याचा जपून वापर करावा असे वैद्यक सांगते, त्या जातीचा असतो.

सत्तर ग्रॅमच्या देशी पुडीत साधारणतः तीनशेच्या आसपास उष्मांक, सहा-सात ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅमच्या आगेमागे मेद, आणि आठशे ते हजार मिलिग्रॅम सोडियम असते. निरनिराळ्या मालांत थोडेफार कमीअधिक. कोरियन पुडी आकाराने दुप्पट. तिच्यात पाचशेहून अधिक उष्मांक आणि बाराशे-तेराशे मिलिग्रॅम सोडियम हे सामान्य मान आहे. हे आकडे कोणी चोरून आणलेले नाहीत. पुडीच्या पाठीवर छापलेले असतात. मात्र ते ज्या अक्षरांत छापतात ती वाचावयास चष्म्याच्या जोडीला भिंगही घ्यावे लागते, आणि बहुधा ती अक्षरे मराठी नसतात.

आता या आकड्यांचा अर्थ. प्रौढ मनुष्याने दिवसाकाठी दोन हजार मिलिग्रॅम सोडियमच्या, म्हणजे पाच ग्रॅम मिठाच्या, पलीकडे जाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. देशी पुडीने त्यातील निम्मा-पाऊण वाटा नव्हे, तरी चार-पाच दशांश वाटा एका बैठकीत उरकला. कोरियन पुडीने सहा दशांशांहून अधिक. सहा वर्षांच्या मुलाचा आहार प्रौढाच्या दोन-तृतीयांशाच्या घरात, म्हणून त्याची मिठाची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली. त्याने एक देशी पुडी संपविली की दिवसाचे जवळजवळ दोन-तृतीयांश मीठ त्या एका बशीत आटोपले. आणि अजून डाळीचे, भाजीचे, लोणच्या-पापडाचे मीठ यावयाचेच आहे! उलट बाजूस पाहा. चौदा वर्षांच्या मुलीस दिवसाला चाळीस ग्रॅमहून अधिक प्रथिने लागतात. पुडीने तिला त्यांपैकी सातवा हिस्सा दिला, आणि तोही गव्हाचा, ज्यात लायसिन हा आवश्यक घटक तोकडा असतो. ज्या जमाखर्चात मीठ निम्म्याजवळ आणि प्रथिने सातव्या हिश्शाने, त्यास जेवण म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

ही चौदा वर्षांची मुलगी आम्ही उगीच आणली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुली रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे वर्गात दहा मुली बसल्या असतील तर त्यांतील सहा जणींना रक्तासाठी लोह हवे, प्रथिने हवीत, भाजी हवी. अशा मुलीच्या संध्याकाळच्या भुकेस आपण मैदा, तेल आणि मीठ देतो. भूक भागते; म्हणूनच तर घात होतो. भूक राहिली असती तर ती रात्री भाजी-भाकरीकडे वळली असती. हे अन्न विष नसूनही ज्या रीतीने हानी करते ती रीत अशी आहे: ते अंगात काही शिरवून नव्हे, तर पानावरचे काही बाहेर काढून अपाय करते.

येथे तिखटाविषयी लिहिणे प्राप्त आहे. कारण आपल्या लोकांचा तिखटावर लोभ, आणि मिरचीस बोल लावला तर सारे कोकण अंगावर यावयाचे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, आणि आली तशी घरचीच झाली. तिच्यातील कॅप्सेसिन हे पोषक द्रव्य नव्हे. उष्णतेने चेतणारी जी मज्जातंतूंची द्वारे जिभेवर असतात, तीच ते चेतविते. म्हणून जीभ न भाजताही भाजल्यासारखी वाटते. या द्वाराचा शोध डेव्हिड ज्यूलिअस यांनी १९९७ साली लावला आणि त्याबद्दल २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांस मिळाला. तात्पर्य, तिखट ही वर्दी आहे, अन्न नव्हे. आपल्या स्वयंपाकात ही वर्दी कोणाची येते? भाकरीची, भाताची, वालाच्या बिरड्याची, सुकटीच्या कालवणाची. चिमूटभर मिरचीने पानभर साधे अन्न गोड लागावे, हा तिचा धर्म. मिरची चाकर आणि भाकरी मालकीण, असा तो संसार होता. अतितिखट पुडीने हे नाते उलटे केले. तेथे आग हीच मुख्य वस्तू. शेवया केवळ आग तोंडापर्यंत नेण्याचे वाहन. जो घास सोसावा लागतो त्याविषयी 'आपण काही भरभक्कम खाल्ले' असा ग्रह होतो, आणि त्या ग्रहावर हा व्यापार चालतो. शिवाय तिखटाची तक्रार जीभ तत्काळ करते. मिठाची तक्रार शरीर वर्षानुवर्षे करीत नाही, आणि करते तेव्हा ती रक्तदाबाच्या यंत्रावर दिसते. मुलगा आगीस भ्यावयाचे किंवा न भ्यावयाचे शिकतो. ज्यास भ्यावे ते मुकाट्याने पोटात जाते.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ज्या ग्लुटामेटास आपण 'अजिनोमोटो' म्हणून शिव्या घालतो तेही काही बागुलबुवा नव्हे. जपानी रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी ते १९०८ साली समुद्रशैवालाच्या रसातून वेगळे केले. त्यात सोडियम साध्या मिठाच्या एक-तृतीयांश असते. त्याच्या नावाने घाबरणारे गृहस्थ जेवताना पापड, लोणचे आणि वर कच्चे मीठ वाढून घेतात, हा आपल्या भीतीचा विनोदी नमुना आहे. जेथे शत्रू नाही तेथे तोफा, आणि जेथे तो उभा आहे तेथे पाहुणचार!

नूडल्स खाण्याचे फळ काय, याविषयी एक मोठी पाहणी दक्षिण कोरियातीलच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०,७११ प्रौढांची माहिती तपासली होती. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा या नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांत पोटाचा वाढता घेर, चढता रक्तदाब, रक्तातील साखर व मेद यांचा बिघाड अशा विकारसमूहाचा संभव इतर स्त्रियांच्या मानाने शेकडा ६८ अधिक आढळला; पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. वारंवार नूडल्स खाणाऱ्यांच्या इतरही सवयी वेगळ्या असू शकतात. पण ज्या देशाने हा पदार्थ जगभर नेला, त्याच देशाच्या लोकांवरून ही सूचना येते. तिच्याकडे कानाडोळा करण्याइतके आपण श्रीमंत नाही.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप असा येतो की, 'तुमचे पेणचे पोहे तरी काय मोठे पौष्टिक? तेही शेवटी पिष्टच.' आक्षेप खरा आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. शंभर ग्रॅम पोह्यांत प्रथिने सातएक ग्रॅमच. परंतु पोहे कोणी नुसते खात नाही. मूठभर शेंगदाणे घातले की पाच-सहा ग्रॅम प्रथिने वाढली. मोड आलेला वाल किंवा मटार घातला की आणखी वाढली. वर लिंबू पिळले की त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागण्यास साहाय्य झाले. कोथिंबीर, खोबरे आले. फोडणीचे तेल किती, हे करणाऱ्याने ठरविले. आणि मुख्य म्हणजे मीठ किती, हेही करणाऱ्याने ठरविले. भात भिजवून, भाजून, कांडून तयार होणारे पोहे हे आपले दोन मिनिटांचे अन्न आहेत. भिजविले की झाले, उकळावे लागत नाहीत. आंदोंच्या कित्येक शतके आधी आपल्या पूर्वजांनी ही युक्ती साधली, आणि तीत तळण नव्हते. पोहे हे कोरे पान आहे. त्यावर घरच्याने काय लिहावे हे घरचा ठरवितो. पुडी हे छापील पान आहे.

दुसरा आक्षेप: 'आता कणकेच्या, भरडधान्यांच्या, भाज्या घातलेल्या नूडल्सही मिळतात.' मिळतात, आणि मैद्यापेक्षा त्यांत कोंडा थोडा अधिक असेल तर ते बरेच. पण मसाल्याची पुडी, म्हणजे मिठाचे भांडार, त्यांतही येतेच. आणि वाळलेल्या वाटाण्याचे चार दाणे म्हणजे भाजी नव्हे. कंपन्या स्वतः आपल्या मालाविषयी खाजगीत काय मानतात, याचा एक दाखला मे २०२१ च्या अखेरीस लंडनच्या 'फायनॅन्शियल टाइम्स'ने प्रसिद्ध केला. नेस्ले कंपनीच्या अंतर्गत टिपणात, तिच्या नित्याच्या खाद्यपेयांपैकी शेकडा साठाहून अधिक माल आरोग्यदायी पदार्थाच्या मान्य व्याख्येत बसत नाही, आणि काही प्रकार कितीही सुधारले तरी बसणार नाहीत, अशी कबुली होती. विकणारा जे खाजगीत मानतो ते विकत घेणाऱ्याने उघड मानू नये काय?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याच्याशी थट्टा करण्याचा अधिकार कोणास नाही. 'सकाळची गाडी गाठून मुंबईस नोकरीस जाणारी, किंवा दिवसभर काम करून दमून परतणारी बाई. तिने आल्यावर वाल सोलीत बसावे काय?' नाही, बसू नये. या विषयावर आजवर जी प्रवचने झाली ती बहुतेक आईस दोष देणारी झाली, आणि ती झोडणाऱ्या गृहस्थांनी जन्मात कधी वाल सोलला नव्हता. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवितात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, आणि असे पुरुष शंभरांत केवळ २६. नूडल्सच्या पुडीने वाचविलेली मिनिटे या २९९ मधून वाचतात. ज्या घरात त्या मिनिटांचा वाटेकरी कोणी नाही, तेथे पुडीचा विजय ठरलेलाच. आणि त्यात बाईची चूक शून्य. पुडी हटविण्याचा पहिला उपाय उपदेश हा नसून, घरातील पुरुषाने आणि बारा वर्षांपुढील प्रत्येक मुलाने व मुलीने पोहे, उसळ, अंड्याची पोळी आणि वरण-भात करावयास शिकणे, हा आहे. रात्री वाल भिजत घालणे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधणे, मोड आल्यावर सोलणे, या कामांसाठी विद्वत्ता लागत नाही. आणि ती करताना पुरुषाची प्रतिष्ठा कोठे गळून पडल्याचे ऐकिवात नाही.

चौथा आक्षेप गरिबीचा: 'गरिबाच्या मुलास दहा-पंधरा रुपयांत दुसरे काय मिळते?' एक अंडे मिळते, आणि त्या एका अंड्यात जवळजवळ पुडीभर प्रथिने असतात, तीही उत्तम प्रतीची. अंडे न चालणाऱ्यास मूठ-दोन मूठ भाजलेले शेंगदाणे वा फुटाणे मिळतात. गरिबीच्या नावाने जो माल विकला जातो तो गरिबास पोटभर महाग पडतो. कारण त्याची किंमत दुकानी अर्धीच द्यावी लागते, उरलेली पुढे औषधाच्या दुकानी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या जिल्ह्यास झोडपले. तशा आपत्तीत छप्पर उडालेल्या माणसाच्या हातात कोणी गरम नूडल्सची वाटी दिली तर ती अमृत समजावी. आंदोंनी हा पदार्थ टंचाईसाठी काढला; टंचाईत तो शोभतो. पण वादळ नसताना, शिवारात भात आणि वाल पिकत असताना, आपण रोज स्वतःवर टंचाई का ओढवून घ्यावी?

या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मिठाची चिमूट कोणाच्या हातात. पेण-उरणचा खाडीकाठ मिठागरांचा. मीठ म्हणजे काय, हे या किनाऱ्यास शिकवावे लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही उतरले आणि त्यांनी लाठ्या सोसल्या, ते मीठ महाग होते म्हणून नव्हे. आपल्या ताटातील मिठावर परक्याची सत्ता नसावी म्हणून. आज ती सत्ता कोणी कायद्याने लादलेली नाही. ती आपण दहा-पंधरा रुपये मोजून घरी आणतो आणि मुलाच्या बशीत कात्रीने कापून रिकामी करतो. भारतीय मनुष्य आधीच दिवसाला आठ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो असे राष्ट्रीय पाहणी सांगते, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून अधिक. त्यात ही भर.

तर मग करावे काय? बंदी मागणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. २०१५ च्या बंदीने पदार्थाची कीर्ती वाढविण्यापलीकडे काही साधले नाही. जे नियम झालेले आहेत तेच पाळले जावेत. शाळेच्या उपाहारगृहात, आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत, अधिक मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. रोहा अष्टमी नगरपरिषदेने व शाळांच्या पालकसभांनी एक दोरी घेऊन हे पन्नास मीटर मोजावेत, खर्च दोरीचा. दुसरे, वेष्टनाच्या दर्शनी भागावर, ठसठशीत अक्षरांत आणि मराठीत, 'मीठ अधिक' असे छापले जावे. चिली देशात २०१६ पासून अशा मालावर काळे अष्टकोनी शिक्के मारावे लागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये दर्शनी सूचनेचा प्रश्न सरकारी समितीने तीन महिन्यांत निकालात काढावा असे सांगितले. ही मागणी ग्राहकांनी सोडू नये. तिसरे, घरचे. पुडी आलीच तर मसाला अर्धा टाकावा, अंडे किंवा मूठभर कडधान्य आणि भाजी घालावी, आणि ती जेवणाच्या जागी नव्हे, महिन्या-पंधरवड्यातून एकदा, हौसेच्या जागी ठेवावी. मुलास ती सर्वस्वी वर्ज्य केली तर तो शेजारी जाऊन खाईल. पुडीची पाठ वाचावयास शिकविली तर निदान काय खातो हे जाणून खाईल.

विष शोधण्याचे काम प्रयोगशाळांचे आहे आणि ते त्यांनी करावे. अन्न शोधण्याचे काम घराचे आहे. ते कोणत्याही न्यायालयाकडे सोपविता येत नाही, आणि कोणत्याही निकालाने संपत नाही. मुलाच्या पुढ्यातील बशीत आग किती आहे याची पैज तो मित्रांशी खुशाल लावो. त्या बशीत अन्न किती आहे, हा प्रश्न मात्र रोज, न कंटाळता, वडील माणसांनी विचारावयाचा आहे.